तिकिटाआधीची परीक्षा

मुंबई महानगरपालिकेच्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. त्यानंतरच्या सभागृहासाठी मतदान झाले ते थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळजवळ चार वर्षे देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. कारभार प्रशासकाच्या हाती होता. मरोळसारख्या उपनगरी वस्तीत राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ अगदी साधा होता. नळाला पाणी कमी दाबाने येऊ लागले, नाल्याची सफाई रखडली, रस्त्यावरचा दिवा महिनोन्‌महिने बंद राहिला, तर दाद मागायची कोणाकडे? गुंदवलीच्या के-पूर्व विभाग कार्यालयात अर्ज घेऊन जायचे, खिडकीवर शिक्का मारून घ्यायचा आणि वाट पाहायची. ज्याच्या नावाने बोटे मोडावीत असा हक्काचा लोकप्रतिनिधीही उरला नव्हता.

तरीही कामे सर्वस्वी थांबली नाहीत. प्रत्येक वस्तीत कोणी ना कोणी अर्ज लिहून देत होते, कनिष्ठ अभियंत्याला गाठून जागेवर आणत होते, पावसाळ्याच्या रात्री पंप मिळविण्यासाठी दूरध्वनी करीत होते, रुग्णालयात खाट मिळवून देत होते. या माणसांकडे पद नव्हते, निधी नव्हता, मानधनाचा तर प्रश्नच नव्हता. त्यांतले काही एखाद्या पक्षाचे कार्यकर्ते होते, काही गणेशोत्सव मंडळाचे, काही महिला बचत गटाच्या भगिनी, तर काही गृहनिर्माण संस्थेचे निवृत्त सचिव. कोणतीही अधिसूचना न निघता मुंबईच्या २२७ प्रभागांत या चार वर्षांत एक परीक्षा झाली. सत्तेची खुर्ची रिकामी असताना लोकांसाठी कोण उभे राहते, हा त्या परीक्षेतला एकमेव प्रश्न होता आणि त्याचे उत्तर गल्लीतल्या प्रत्येक घराला ठाऊक होते.

प्रश्न असा की, ही गुणपत्रिका कोणी उघडून पाहिली काय? प्रभागांच्या आरक्षणाची सोडत ११ नोव्हेंबर २०२५ रोजी निघाली आणि उमेदवारी अर्जाची अखेरची तारीख ३० डिसेंबर होती. मधल्या सात आठवड्यांत चर्चा रंगली ती जागावाटपाची, कोणत्या मित्रपक्षाच्या वाट्याला कोणता प्रभाग गेला याची आणि एबी फॉर्म कोणाच्या हाती पडला याची. प्रभाग महिलांसाठी राखीव झाला की माजी नगरसेवकांच्या सौभाग्यवतींचे नाव पुढे येते आणि दहा वर्षे बचत गट चालविणारी कार्यकर्ती हळदीकुंकवाला बोलावण्यापुरती उरते, हा अनुभव मुंबईकरांना नवा नाही. मुंबईतील एका प्रभागाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सरासरी ५५ हजारांच्या आसपास आहे. एवढ्या माणसांच्या पाच वर्षांचा कारभारी ठरतो, तेव्हा त्यांतल्या एकालाही विचारले जात नाही. त्यांना विचारतात ते शेवटी, म्हणजे निवड झाल्यावर.

उमेदवार ठरविण्याआधी लोकांना विचारण्याची पद्धत जगात कोठे आहे काय, असे कोणी विचारल्यास बोट अमेरिकेकडे दाखविले जाते. तेथील अध्यक्षपदाच्या उमेदवाराची निवड पक्षाचा संसदीय मंडळासारखा एखादा गट करीत नाही. प्रत्येक राज्यात त्या पक्षाच्या पाठीराख्या मतदारांचे आधी मतदान होते. त्याला ‘प्रायमरी’, म्हणजे पूर्वनिवडणूक म्हणतात. तेथे मिळालेल्या कौलानुसार पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाला प्रतिनिधी पाठविले जातात आणि ते प्रतिनिधी उमेदवार ठरवितात. काही राज्यांत मतपेटीऐवजी ‘कॉकस’ असते. एकाच भागातील मतदार हिवाळ्याच्या रात्री शाळेत, वाचनालयात किंवा चर्चच्या सभागृहात जमतात आणि तेथे आपापली पसंती नोंदवितात. आयोवा राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची मंडळी तर अनेक वर्षे सभागृहाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभी राहून आपली निवड उघडपणे सांगत. ज्याच्या गटात साधारणतः १५ टक्केही माणसे जमली नाहीत, त्याच्या समर्थकांना दुसऱ्या गटात जावे लागे. शेजारी शेजाऱ्याला समोरासमोर पटवून देतो आणि त्यातून उमेदवार उभा राहतो, असा हा प्रकार.

अमेरिकेला हे शहाणपण जन्मजात लाभलेले नाही. १९६८ पर्यंत तेथेही पक्षाचे मातब्बरच उमेदवार ठरवीत. त्या वर्षी व्हिएतनाम युद्धावरून देश पेटलेला असताना डेमोक्रॅटिक पक्षाने ह्युबर्ट हम्फ्री यांना उमेदवारी दिली आणि त्यांनी एकाही पूर्वनिवडणुकीत प्रत्यक्ष भाग घेतलेला नव्हता. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर रस्त्यांवर रण माजले आणि नोव्हेंबरमध्ये हम्फ्री रिचर्ड निक्सन यांच्याकडून पराभूत झाले. त्या ठेचेनंतर पक्षाने मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमला, नियम बदलले आणि १९७२ पासून पूर्वनिवडणुकांना निर्णायक महत्त्व आले. १९७६ मध्ये जॉर्जिया राज्याचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर यांना देशात फारसे कोणी ओळखत नव्हते. ते आयोवातील गावागावांत फिरले, सामान्य कुटुंबांच्या घरी मुक्कामाला राहिले आणि त्याच वर्षी अध्यक्ष म्हणून निवडून आले. बंद खोलीतल्या पद्धतीत असा माणूस दारापर्यंतही पोहोचला नसता.

परंतु कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष द्यावे असा धडा आयोवाच्याच पुढच्या दोन निवडणुकांत आहे. २००४ मध्ये हॉवर्ड डीन हे डेमोक्रॅटिक पक्षाचे आघाडीचे इच्छुक मानले जात होते. त्यांच्याकडे पैसा होता, तरुणांचा उत्साह होता. अखेरच्या दिवसांत देशभरातून सुमारे साडेतीन हजार स्वयंसेवक नारिंगी टोप्या घालून आयोवात उतरले आणि घरोघर फिरले. १९ जानेवारी २००४ रोजी निकाल लागला, तेव्हा डीन १८ टक्क्यांसह तिसऱ्या क्रमांकावर होते. टोपीवाले पाहुणे पुष्कळ होते. पण दार उघडणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते पाहुणेच होते. चार वर्षांनी बराक ओबामा यांच्या मोहिमेने उलटा मार्ग धरला. महिनोन्‌महिने आधी कार्यालये थाटली, त्याच गावातील शिक्षक, गृहिणी, विद्यार्थी यांना जबाबदारी दिली आणि प्रत्येक मतदान केंद्रासाठी तेथीलच प्रमुख नेमला. ३ जानेवारी २००८ रोजी आयोवात डेमोक्रॅटिक कॉकसला सुमारे २ लाख ३९ हजार माणसे आली. २००४ मध्ये ती संख्या सव्वा लाखाच्या आसपास होती. ओबामा पहिले आले आणि सर्वशक्तिमान समजल्या गेलेल्या हिलरी क्लिंटन तिसऱ्या. शेजारच्या माणसाचा शब्द आणि पाहुण्याचे भाषण यांतला हा फरक आहे. ज्यांनी पन्नाप्रमुख म्हणून मतदारयादीचे एक पान सांभाळले आहे, त्यांना तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

पैशाचेही तेच. न्यूयॉर्कचे माजी महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०२० च्या पूर्वनिवडणुकीत स्वतःचे एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च केले. पदरात पडला तो प्रशांत महासागरातील अमेरिकन सामोआ या चिमुकल्या प्रदेशाचा विजय. त्याच वर्षी सुरुवातीच्या राज्यांत मागे पडलेले जो बायडेन साउथ कॅरोलिनात सावरले, ते तेथील खासदार जेम्स क्लायबर्न यांनी उघडपणे बाजू घेतल्यावर. स्थानिक माणसाच्या शब्दाला तेथे अब्जाहून अधिक किंमत आली.

बेळगावात वाढलेले मराठी उद्योजक श्री ठाणेदार यांचाही प्रवास या संदर्भात पाहण्यासारखा आहे. ‘ही श्रीची इच्छा’ या त्यांच्या आत्मकथनामुळे ते मराठी घरांत परिचित आहेत. २०१८ मध्ये त्यांनी मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची पूर्वनिवडणूक लढविली, स्वतःचा प्रचंड पैसा ओतला आणि तिघांत तिसरे आले. पुढे ते डेट्रॉइट शहरात राहायला गेले. २०२० मध्ये तेथून राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले आणि २०२२ मध्ये नऊ जणांच्या पूर्वनिवडणुकीत सुमारे २८ टक्के मते घेऊन पुढे अमेरिकी काँग्रेसमध्ये पोहोचले. पैसा त्यांच्याकडे २०१८ मध्येही होता आणि २०२२ मध्येही. मधल्या काळात बदलला तो पत्ता आणि लढण्याची पायरी. २०२४ मध्ये त्यांचे एक प्रमुख प्रतिस्पर्धी मतपत्रिकेवर येऊच शकले नाहीत, कारण आवश्यक त्या एक हजार वैध सह्या त्यांच्या अर्जावर भरल्या नाहीत. आपल्याच भागातील हजार मतदारांच्या खऱ्या सह्या आणता येत नसतील तर उमेदवारी नाही, इतका साधा हा नियम आहे.

याचा अर्थ अमेरिकेची पद्धत निर्दोष आहे असा नाही. पूर्वनिवडणुकीला मतदार कमी येतात आणि जे येतात ते अनेकदा टोकाच्या मतांचे असतात. प्रचार वर्षभर चालतो, खर्चाला सीमा नसते. शिवाय गैरसोय झाली की तेथील मातब्बरही पद्धत बाजूला सारतात. २०२४ मध्ये बायडेन यांनी पूर्वनिवडणुका जिंकल्या. २१ जुलै रोजी माघार घेतली आणि कमला हॅरिस यांची उमेदवारी एकाही मतदाराचा कौल न घेता प्रतिनिधींनी मान्य केली. नोव्हेंबरमध्ये त्या पराभूत झाल्या. तेव्हा परदेशी यंत्र जसेच्या तसे आणून येथे बसवावे असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. अनुकरण करायचे ते यंत्राचे नव्हे. पक्षाची मोहर उमटण्याआधी उमेदवाराचा स्थानिक आधार उघडपणे तपासला जावा, एवढे त्यातील तत्त्व घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे कायद्याने या बाबतीत मौन पाळले आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात पक्षांच्या नोंदणीची तरतूद आहे, १९६८ च्या आदेशात निवडणूक चिन्हांची व्यवस्था आहे. चिन्ह मिळण्यासाठी पक्षाच्या अधिकृत पदाधिकाऱ्याची सही लागते. ए फॉर्म सही करणारा कोण हे सांगतो आणि बी फॉर्म उमेदवार कोण हे सांगतो. तो उमेदवार कसा निवडला, कोणाला विचारून निवडला, याची चौकशी कोणी करीत नाही. विधी आयोगाने १९९९ मध्ये आपल्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करावी असे सुचविले होते. सरकारे आली आणि गेली, तो अहवाल कपाटातच राहिला. सर्वच पक्षांना तो तेथे असणे सोयीचे वाटत असावे.

या मौनाचा परिणाम पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. मरोळ ज्या अंधेरी पूर्व विधानसभा मतदारसंघात येते, तेथील गेल्या तीन निवडणुका पुरेशा बोलक्या आहेत. २०१९ मध्ये युतीत ही जागा शिवसेनेकडे होती. भाजपचे मुरजी पटेल अपक्ष म्हणून उभे राहिले आणि ४५ हजारांहून अधिक मते घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आले; रमेश लटके विजयी झाले. मे २०२२ मध्ये लटके यांचे अकाली निधन झाले. पोटनिवडणुकीत भाजपने पटेल यांना अधिकृत उमेदवारी दिली आणि दिवंगत आमदाराच्या पत्नीविरुद्ध लढू नये या महाराष्ट्राच्या संकेताचा आदर राखून १७ ऑक्टोबर रोजी ती मागे घेतली. संकेत उचितच होता. २०२४ मध्ये तेच पटेल शिवसेनेच्या धनुष्यबाणावर उभे राहिले आणि ऋतुजा लटके यांचा २५ हजारांहून अधिक मतांनी पराभव करून आमदार झाले. पाच वर्षांत एकाच माणसाची तीन रूपे झाली: बंडखोर, माघार घेणारा अधिकृत उमेदवार आणि मित्रपक्षाचा विजयी उमेदवार. माणसाचा स्थानिक आधार तोच होता. बदलत होता तो वरून मिळणारा कागद.

आता पोटनिवडणुकीतले आकडे पाहावेत. ३ नोव्हेंबर २०२२ रोजी झालेल्या त्या मतदानात केवळ ३१.७४ टक्के मतदार घराबाहेर पडले. ऋतुजा लटके यांना ६६,५३० मते मिळाली आणि दुसऱ्या क्रमांकावर कोणी उमेदवार नव्हता, ‘नोटा’ होता. १२,८०६ मतदारांनी ‘यांपैकी कोणीही नाही’ असे बटण दाबले. त्या मतांमागची राजकीय कारणे कोणतीही असोत, केंद्रावर जाऊन रांगेत उभे राहून हजारो माणसे नकार नोंदवितात, तेव्हा त्यांना मतदानाचा कंटाळा आहे असे म्हणता येत नाही. त्यांच्यापुढे निवड ठेवलेली नव्हती, असेच म्हणावे लागते. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीतही मुंबईत सुमारे ५३ टक्केच मतदान झाले. चार वर्षांच्या प्रतीक्षेनंतर जवळजवळ निम्मे शहर घरी बसले. मतदारांच्या अनास्थेवर अग्रलेख लिहिणे सोपे आहे. जेवणाचे ताट वाढून झाल्यावरच ज्याला पाटावर बसवितात, त्याने स्वयंपाकात रस घ्यावा कसा, हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे.

भारतात पूर्वनिवडणुकीचा प्रयोग झालाच नाही असे नव्हे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेसने राहुल गांधी यांच्या पुढाकाराने देशातील पंधरा-सोळा मतदारसंघांत तो केला. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर येथे तो झाला. वर्ध्यात तत्कालीन खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे विजयी झाले आणि लातुरात दत्तात्रय बनसोडे. प्रत्यक्ष निवडणुकीत दोघेही पराभूत झाले. वर्ध्यातून रामदास तडस आणि लातूरमधून सुनील गायकवाड हे भाजपचे उमेदवार निवडून आले. त्या वर्षीच्या लाटेत काँग्रेसचा कोणताही उमेदवार वाहून गेला असता, हे मान्य केले तरी प्रयोगाचा मूळ दोष झाकला जात नाही. मतदार होते ते पक्षाचेच पदाधिकारी आणि स्थानिक लोकप्रतिनिधी. ज्यांची नेमणूक घराण्यांनी केली, त्यांनीच घराण्याला मत दिले तर नवल कसले? बडोद्यात तर याहून पुढची गोष्ट घडली. तेथे नरेंद्र रावत यांनी पूर्वनिवडणूक जिंकली. पुढे नरेंद्र मोदी बडोद्यातून लढणार हे ठरताच रावत बाजूला झाले आणि मधुसूदन मिस्त्री यांना उतरविण्यात आले. मिस्त्री पाच लाख सत्तर हजारांहून अधिक मतांनी हरले. घेतलेल्या परीक्षेचा निकाल परीक्षकानेच रद्द केला की विद्यार्थी पुन्हा परीक्षेला बसत नाहीत. त्या प्रयोगाचे नाव पुढे फारसे कोणी काढले नाही.

वास्तविक पाहता, स्थानिक कामाची परीक्षा देण्याची आणि घेण्याची परंपरा मुंबईच्या उपनगरांत आणि ठाणे-पुणे परिसरात पूर्वीपासून होती. १९५७ मध्ये मावळातून जनसंघाचे आमदार म्हणून विधानसभेत गेलेले रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा लेखी वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवीत. पुढे ते ठाण्यातून लोकसभेवर गेले, तरी हिशेब देण्याची ती सवय सुटली नाही. तोच धडा गिरवीत राम नाईक यांनी बोरिवलीचे तीन वेळा आमदार आणि उत्तर मुंबईचे पाच वेळा खासदार असताना दरवर्षी कार्यवृत्त प्रसिद्ध केले. विचाराने दुसऱ्या टोकाला असलेल्या समाजवादी मृणाल गोरे यांनीही गोरेगावात पाण्यासाठी हंडे घेऊन बायकांना रस्त्यावर आणले. १९६१ मध्ये त्या महापालिकेत, १९७२ मध्ये विधानसभेत आणि १९७७ मध्ये लोकसभेत निवडून गेल्या. ‘पाणीवाली बाई’ ही पदवी त्यांना कोणत्याही पक्षश्रेष्ठींनी दिलेली नव्हती. या तिघांना उमेदवारी मिळाली ती त्यांच्या नावावर आधीच जमा असलेल्या कामामुळे. पक्षाने फक्त त्यावर सही केली.

मात्र दोष एकट्या पक्षांच्या माथी मारून नागरिकांना मोकळे होता येणार नाही. २००४ मध्ये उत्तर मुंबईच्या मतदारांपुढे एका बाजूला वर्षानुवर्षे कामाचा लेखी हिशेब देणारे राम नाईक होते आणि दुसऱ्या बाजूला चित्रपट अभिनेता गोविंदा. मतदारांनी गोविंदाला निवडले. पाच वर्षांनी तो अभिनेता पुन्हा उभाही राहिला नाही. परीक्षा घेण्याचा अधिकार मागायचा, तर उत्तरपत्रिका वाचण्याचे कष्टही घ्यावे लागतात. नाहीतर पक्ष म्हणतात, ‘लोकांना चेहरा लागतो, काम नको’ आणि त्यांच्याकडे दाखवायला पुरावा असतो.

म्हणून या प्रश्नाला दोन बाजूंनी हात घालावा लागेल. पहिली बाजू पक्षांची. आरक्षणाची सोडत निघाल्यापासून अर्ज भरेपर्यंत काही आठवडे हाती असतात. त्या काळात प्रत्येक प्रभागातील इच्छुकांना एका मंचावर बोलावून, गृहनिर्माण संस्था, मंडळे, बचत गट, गावठाणातील पंच अशा सर्वांसमोर आपल्या कामाचा लेखी अहवाल मांडायला सांगणे कोणत्याही पक्षाला अशक्य नाही. निरीक्षक पाठवून मते अजमावण्याची पद्धत पक्षांत आहेच; ती बंद दाराआड न राहता उघड व्हावी, एवढाच बदल. किमान पाच वर्षे सदस्य असलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांचे गुप्त मतदान घेऊन त्याचा कौल जाहीर करावा. म्हणजे अर्जाच्या तोंडावर गाड्या भरून आणलेल्या सदस्यांची मात्रा चालणार नाही आणि वर्ध्याप्रमाणे केवळ पदाधिकाऱ्यांपुरता खेळही राहणार नाही. युतीसाठी, महिला आणि मागास घटकांच्या प्रतिनिधित्वासाठी किंवा व्यापक राजकीय हेतूसाठी तो कौल कधी डावलावा लागेलही. त्या वेळी का डावलला हे कार्यकर्त्यांना समोर बसवून सांगण्याचे धैर्य नेतृत्वाने दाखवावे. संघटनेतला माणूस नकार पचवू शकतो. त्याला पचत नाही ती उपेक्षा. ‘तुझे काम पाहिले, तरी या वेळी नाही’ आणि ‘तू कोण?’ या दोन वाक्यांत बंडखोरी आणि निष्ठा यांमधले सगळे अंतर सामावलेले आहे.

येथे कार्यकर्त्यासाठीही एक पथ्य आहे. उमेदवारी हे कामाचे वेतन नव्हे. ज्याने तिकिटाकडे डोळा ठेवून चार वर्षे अर्ज लिहिले आणि तिकीट हुकताच लेखणी खाली ठेवली, त्याने आपली परीक्षा आपणच नापास करून घेतली. अमेरिकेतही पूर्वनिवडणुकीत हरलेला इच्छुक बहुधा विजयी सहकाऱ्याच्या प्रचाराला उभा राहतो. २००८ मध्ये ओबामांकडून हरलेल्या हिलरी क्लिंटन त्यांच्या प्रचाराला उतरल्या आणि पुढे त्यांच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री झाल्या. स्पर्धा उघड आणि न्याय्य असली की पराभव स्वीकारणे सोपे जाते. बंद खोलीत हरलेल्या माणसाला आपण हरलो हेच पटत नसते.

दुसरी बाजू मध्यमवर्गीय कुटुंबांची. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला गणपूर्ती होत नाही म्हणून ती अर्ध्या तासासाठी तहकूब करावी लागते आणि तीच माणसे ‘राजकारण घाणेरडे आहे’ असे म्हणत दारे लावून घेतात. दार लावल्याने घाण बाहेरच राहते असे नाही. ती साफ करणारा माणूसही बाहेर एकटा पडतो. मरोळ हे लहानसे भारतच आहे. जुन्या गावठाणातील ईस्ट इंडियन कुटुंबे, डोंगरउतारावरच्या झोपड्या, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या जागी उभी राहिलेली कार्यालये, सीप्झकडे जाणारे नोकरदार आणि नव्या मनोऱ्यांतील रहिवासी असे सगळे येथे एकत्र नांदतात. मिठी नदी या भागाच्या कडेने वाहते. २६ जुलै २००५ चा पूर येथे कोणी विसरलेले नाही. १७ डिसेंबर २०१८ रोजी येथील कामगार रुग्णालयाला आग लागून रुग्णांचे बळी गेले. मरोळ नाका स्थानकात आता दोन मेट्रो मार्ग मिळतात. तेथून घरापर्यंतच्या वाटेचा प्रश्न मात्र प्रभागातच सुटायचा आहे. या भागाचा उमेदवार कसा असावा, याचे उत्तर दिल्लीत किंवा एखाद्या बंगल्यावर सापडण्याजोगे नाही. ते याच गल्ल्यांत सापडेल. इच्छुकाला त्याच्या नावाचा फलक पाहून ओळखण्याऐवजी त्याला चार प्रश्न विचारावेत. पूर आला तेव्हा कोठे होतास? रुग्णालयासाठी काय केलेस? प्रभाग समितीच्या बैठकीला कधी गेलास? गेल्या पावसाळ्यापूर्वी नाला पाहिलास काय? या प्रश्नांना घाबरणारा इच्छुक चिन्ह कोणतेही आणो, तो प्रभागाचा नव्हे.

२०२८ मध्ये अमेरिकेत पुन्हा अध्यक्षपदाची निवडणूक होईल आणि पूर्वनिवडणुकांच्या बातम्यांनी आपली वृत्तपत्रे भरून जातील. आयोवाच्या नकाशापेक्षा के-पूर्व विभागाचा नकाशा आपल्या कामाचा आहे, याचे भान तेव्हा ठेवलेले बरे. मुंबई महापालिकेची पुढची निवडणूक मुदतीत झाली तर २०३१ मध्ये होईल. तिची पहिली फेरी आजच सुरू झालेली आहे. कोणाच्या हाताने अर्ज लिहिला जातो, कोण पावसात उभा राहतो आणि कोण फक्त वाढदिवसाच्या फलकावर हसतो, याची नोंद प्रत्येक घराने आतापासून ठेवावी. कार्यकर्त्याने आपल्या कामाचा हिशेब दरवर्षी लेखी द्यावा, नागरिकाने तो मागून घ्यावा आणि वाचावा. त्या दिवशी एबी फॉर्म कोणाच्या हाती पडेल हे ठरविणाऱ्यांना प्रभागाची गुणपत्रिका बाजूला ठेवणे जड जाईल. लोकशाहीत तिकीट पक्षाने द्यावे. त्या तिकिटाची पात्रता मात्र लोकांनी आधीच ठरविलेली असावी.